हजेरीपटावरची वाशी

मेळाव्याच्या स्मरणिकेत शाळेबद्दल सगळेच लिहिणार, तेव्हा शाळा ज्या वाशीत उभी राहिली त्या वाशीबद्दल कुणीतरी लिहावं, असं संपादक मंडळात ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. इतिहासात मला कधी चाळीसच्या वर गुण मिळाले नाहीत, हे आपल्या बाईंना आठवत असेल. शिवाय प्रश्न असा की वाशीला इतिहास कसला? ना किल्ला, ना वाडा, ना कुणा संताची समाधी. आपण १९७९ मध्ये पहिलीत आलो तेव्हा आपलं हे गाव आपल्याएवढंच लहान होतं. झाडं आपल्या उंचीची होती आणि रस्त्यांना नावं नव्हती, सेक्टरचे आकडे होते.

पण लिहायला बसले आणि पाचवीतला एक तास आठवला. नव्या वर्गशिक्षिका आल्या होत्या. त्यांनी हजेरी घेताना एकेकाला उभं करून नाव, वडील काय करतात आणि मूळचे कुठले, असं विचारलं. कुणी राजापूरचं, कुणी पाटणचं, कुणी जुन्नरचं, कुणी बीडचं, कुणी गुलबर्ग्याचं. मी गिरगावचं सांगितलं आणि बाई म्हणाल्या, "ते मुंबईतलं झालं, मूळचं सांग," म्हणून मग सावंतवाडीचं सांगितलं. मधल्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "इथलाच." बाईंना वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. "इथला म्हणजे राहायला. पण मूळचा?" तो म्हणाला, "मूळचा इथलाच. वाशीगावचा." अख्खा वर्ग हसला. मीही हसले. वाशी हे कुणाचं मूळ गाव असू शकतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

या लेखात त्या हसण्याची थोडी भरपाई करायची आहे. आपला हजेरीपट डोळ्यांसमोर आणा आणि कोण कधी, कशामुळे इथे आलं ते पाहत जाऊ. वाशीचा इतिहास त्यात आपोआप येतो.

हजेरीपटावरचे सगळ्यात जुने म्हणजे म्हात्रे, पाटील, भोईर, तांडेल, ठाकूर. पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी, यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ही गावं होती: दिवा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, बोनकोडे, जुहू, वाशी, तुर्भे, सानपाडा, शिरवणे, नेरूळ, सारसोळे, करावे, दिवाळे, बेलापूर. आगरी आणि कोळी ही इथली मुख्य वस्ती. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरून आगरी. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मीठ, आणि बारा महिने खाडी. खाडीत कोळंबी, चिंबोऱ्या आणि चिखलातले निवटे.

ही शेती सोपी नव्हती. जमीन खाजणाची, म्हणजे भरतीला खाडीचं खारं पाणी आत घुसणारी. ते अडवायला गावकऱ्यांनी मातीचे बांध घातले होते. बांधाला लाकडी झडप असे, तिला उघाडी म्हणतात. भरतीला उघाडी बंद, ओहोटीला उघडी. आतलं पावसाचं पाणी बाहेर जायचं, बाहेरचं खारं पाणी आत यायचं नाही. बांध फुटला तर खारं पाणी शिरलेलं शेत काही वर्षं वाया जायचं, म्हणून बांध राखणं हे एकट्याचं काम नव्हतं, गावाचं होतं. ही उघाडी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

आता नकाशाकडे वळू. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक कल्पना मांडली. मुंबई हे उत्तर-दक्षिण लांबट बेट, कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला. रोज सकाळी सगळी गर्दी एका दिशेला आणि संध्याकाळी उलट दिशेला. ही रेघ लांबवत नेण्याऐवजी खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर, जोडशहर वसवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने ते स्वीकारलं. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या नव्या शहरासाठी ठरवण्यात आलं. इथे २० लाख माणसं राहतील असा आराखडा होता. शिरीष पटेल आणि कोरिया या दोघांनी सुरुवातीच्या वर्षांत सिडकोत कामही केलं.

शहर बांधायला पैसा कुठून आणायचा? याचं उत्तर वाशीच्या जन्मातच आहे. सरकारने शेतकऱ्यांची जमीन संपादित करायची, तिथे रस्ते, पाणी, गटारं करायची, मग वाढलेल्या किमतीला भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचं शहर उभारायचं. म्हणजे जमीन हेच भांडवल. ते आलं कुणाकडून, हे वेगळं सांगायला नको. भूसंपादनाचा तेव्हाचा कायदा १८९४ चा. त्यात मोबदला ठरायचा तो कलम चारची अधिसूचना निघाली त्या दिवसाच्या बाजारभावाने. अधिसूचना निघाली की भाव गोठला. पुढे शेजारी पूल येवो, बाजार येवो, रेल्वे येवो, त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा नाही. गावठाणं, म्हणजे राहती घरं, जागेवर राहिली. शेतं गेली, मिठागरं गेली, बांध गेले.

आणखी एक गोष्ट गेली, ती मला परवापर्यंत सुचली नव्हती. नाव गेलं. नव्या वसाहतीला वाशी म्हणू लागले आणि शेकडो वर्षांच्या वाशीला 'वाशीगाव' म्हणावं लागलं. नेरूळचं नेरूळगाव झालं, तुर्भ्याचं तुर्भेगाव. पत्ता लिहिताना आपण 'वाशी, न्यू बॉम्बे' लिहायचो तेव्हा ते नाव आपण उसनं घेतलंय, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

हजेरीपटावरची पुढची नावं अय्यर, नायर, राव, बॅनर्जी. हे बहुतेक आपल्या इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत होते. ते वाशीसाठी आले नव्हते, कारखान्यांसाठी आले होते. सिडकोच्या आधीच, १९६० च्या दशकात, औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांचा पट्टा आखला. नोसिलसारखे मोठे पेट्रोरसायन कारखाने तिथे उभे राहिले. त्यांना देशभरातून इंजिनिअर, केमिस्ट, ऑपरेटर लागले. वाशीत घरं झाली तेव्हा ही मंडळी इथे राहायला आली. रात्री वारा पूर्वेकडून आला की नाकाला कळायचं, हे तुम्हाला आठवत असेलच. खाडीतल्या कोळ्यांना ते नाकाने नाही, जाळ्याने कळलं. मासा कमी होत गेला.

कारखान्यांच्या मागच्या डोंगरात दगडखाणी होत्या. मुंबईच्या आणि आपल्या इमारतींची खडी तिथूनच येई. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेली कितीतरी कुटुंबं या खाणींवर पोचली आणि डोंगरउतारावरच राहिली. बीड सांगणारी आपली मैत्रीण त्यांतली. ती तुर्भ्याहून चालत यायची आणि पावसाळ्यात वह्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणायची.

गिरगाव, दादर, परळ सांगणारे आम्ही आलो ते पुलावरून. १९७३ मध्ये खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. त्याआधी इथून मुंबईला जायचं तर होडीने किंवा ठाण्याचा वळसा घालून. पूल झाला आणि चाळीत दोन खोल्यांत आठ माणसं राहणाऱ्या घरांना वाशी दिसू लागली. सोडतीत घर लागलं हे वडिलांनी चाळीत पेढे वाटून सांगितलं, तेव्हा शेजारचे काका म्हणाले होते, "तिकडे जाऊन करणार काय? दिवे तरी आहेत का?" दिवे होते. माणसं नव्हती. आई दुपारी खिडकीत बसून रस्त्यावरून जाणारी माणसं मोजायची आणि संध्याकाळी वडिलांना आकडा सांगायची.

सुरुवातीचे सेक्टर एका हिशेबाने आखले होते. प्रत्येक सेक्टरजवळ शाळा, छोटा बाजार, मैदान, आणि वेगवेगळ्या उत्पन्न गटांची घरं जवळजवळ. त्यामुळे कारकुनाचं पोर आणि अधिकाऱ्याचं पोर एकाच मैदानावर पडून गुडघे फोडून घ्यायचं. सिडकोने सुरू केलेल्या बीएमटीसीच्या बसगाड्या होत्या, त्या १९८४ मध्ये बंद पडल्या. मग बेस्ट आणि एसटीच्या भरवशावर आपले आईवडील रोज पूल ओलांडत राहिले. संध्याकाळी वाशीच्या थांब्यावर बस रिकामी झाली की मुलं वडिलांच्या पिशवीकडे पाहत उभी असत. ताजी भाजी, चांगलं कापड, औषधं, बरंचसं मुंबईहूनच यायचं.

आता ती उघाडी. सखल खाजणावर शहर वसवायचं तर भरतीच्या वेळी कोसळणाऱ्या पावसाचं करायचं काय? सिडकोच्या अभियंत्यांनी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले. पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात येतं. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात. भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबाने त्या आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. मिनी सीशोअरला ज्या पाण्याकाठी आपल्यातले बरेच जण आज मधुमेहाच्या धाकाने फेऱ्या मारतात, तो असाच तलाव. तत्त्व तेच, भातशेताच्या उघाडीचं. हॉलंडहून आलेली विद्या मधल्या रांगेतल्या मुलाच्या आजोबांना ठाऊक होती. फरक इतकाच की त्यांना कुणी विचारलं नाही.

योजनेत पुढे असं होतं की मुंबईतल्या सरकारी कचेऱ्या आणि व्यापार मोठ्या प्रमाणावर इकडे हलवायचे. बेलापूरला कोकण भवन झालं, पण मंत्रालय होतं तिथेच राहिलं, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला भर घालून उंच इमारती होतच राहिल्या. मंत्रालय आलं नाही, कांदा-बटाटा आला. मुंबईच्या दाटीतले घाऊक बाजार बाहेर काढायचं ठरलं आणि १९८० च्या सुमारास कांदा-बटाट्याचा बाजार तुर्भ्याजवळ वसू लागला. पुढे मसाला आणि धान्याचे बाजार मस्जिद बंदराकडून आले, आणि १९९६ मध्ये फळं आणि भाजीपाला. आज महामुंबईच्या ताटातली भाजी आधी आपल्या सेक्टर १८-१९ मधून जाते. एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या उतरतात तेव्हा रस्त्यावरच्या पेंढ्यालाही वास येतो.

बाजाराबरोबर हजेरीपटावर दोन प्रकारची नावं आली. एक शहा, ठक्कर, गाला, म्हणजे गुजराती आणि कच्छी व्यापाऱ्यांची मुलं. दुसरी जाधव, शेलार, मोरे, कदम. हे माथाडींचे. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना बांधली आणि त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. ज्या हमालाला ना हजेरी, ना रजा, ना भविष्य निर्वाह निधी, त्याला मंडळामार्फत हे सगळं मिळू लागलं. देशात असंघटित कामगारांसाठी असा कायदा तेव्हा नवाच होता. बहुतेक माथाडी सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ तालुक्यांतले. बाजार हलला तसे तेही हलले, आणि कोपरखैरणे, घणसोली भागात त्यांच्या वसाहती झाल्या. पाटण सांगणाऱ्या आपल्या मित्राचे वडील पालकसभेला यायचे ते खांद्यावर रुमाल टाकून थेट बाजारातून. सर त्यांना बसायला खुर्ची द्यायचे, पण ते भिंतीला टेकून उभेच राहायचे. त्यांचा मुलगा आज त्याच बाजारात वकील आहे आणि बापाच्या बोर्डाचे खटले चालवतो.

इथवरचा इतिहास आपल्याला आवडतो. सगळे आले, मिसळले, दिवाळीला चिवडा आणि ओणमला पायसम एकमेकांकडे गेलं. हे खोटं नाही. पण अपुरं आहे. त्यात पाचवीतला जानेवारी महिना नाही.

१९८४ चा जानेवारी. वाशीत काही झालं नाही. जे झालं ते बेलापूरच्याही पलीकडे, उरण तालुक्यात. तिथली जमीन याच नव्या शहरासाठी घेतली जात होती. शेतकरी कामगार पक्षाचे नेते, जासईचे दि. बा. पाटील, यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. मागणी होती योग्य मोबदल्याची आणि विकसित जमिनीत वाट्याची. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मेले. आजही दर जानेवारीत तिथे हुतात्म्यांना अभिवादन होतं.

मधल्या रांगेतला मुलगा त्या वेळी आठ दिवस शाळेत नव्हता. परत आला तेव्हा बाईंनी कारण विचारलं. तो म्हणाला, "मामाकडे होतो." बाईंनी चिठ्ठी आणायला सांगितली. त्याने आणली नाही आणि दोन दिवस वर्गाबाहेर उभा राहिला. त्याचं आजोळ उरणकडे आहे हे मला माहीत होतं. पेपर आमच्या घरी रोज यायचा. पण पेपरातली बातमी आणि वर्गाबाहेर उभा असलेला मुलगा, या दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नाहीत. वडील म्हणाले होते, "तिकडे काहीतरी गडबड चाललीय." 'तिकडे' हा शब्द मला अजून आठवतो. आम्ही राहत होतो ते घर त्याच योजनेतलं, पण गडबड तिकडे होती.

त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना निघाली. जितकी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत. ती प्रत्यक्षात यायला १९९० चं दशक उजाडलं. तोवर आपण शाळा सोडली होती. गणिताच्या सरांची क्षमा मागून एक उदाहरण सोडवते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के, म्हणजे दीड गुंठा वजा. हातात उरले साडेतीन गुंठे. एक एकर भातशेत आणि बांध देऊन साडेतीन गुंठे. भाव वाढल्यावर त्या साडेतीन गुंठ्यांना पैसा चांगला आला, हे खरं. काहींनी इमारती बांधल्या, काहींनी बिल्डरला दिले, काहींचा पैसा दोन लग्नांत आणि एका गाडीत संपला. आपण सेक्टरवाले त्या लग्नांच्या थाटाची चेष्टा करायचो. शेती गेल्यावर तीन पिढ्यांनी काय करायचं असतं, याचा धडा आपल्या कुठल्या पुस्तकात होता?

गावठाणाची हद्द तीच राहिली आणि कुटुंबं वाढत गेली. मुलांसाठी मजले चढले, अंगणं संपली, दोन घरांमधून छत्री उघडून जाता येईना. ही 'गरजेपोटी बांधलेली घरं' कायद्याने मान्य करावीत, हा प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे. सेक्टरमधून गावात शिरलं की रस्ता एकदम अरुंद होतो, तो गावकऱ्यांना नियोजन कळत नाही म्हणून नाही. नियोजनाने त्यांच्याभोवती रेघ मारली म्हणून.

पुढचं आपण सगळ्यांनी मोठेपणी पाहिलं. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका आली. ९ मे १९९२ ला मानखुर्दहून वाशीला लोकल आली आणि पुलावर ताटकळण्याचे दिवस संपले. पुढे ती नेरूळ, बेलापूर आणि पनवेलपर्यंत गेली. हाफिज कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेल्या वाशी स्थानकाच्या इमारतीत मुंबईचे पाहुणे वाट चुकू लागले. स्थानकाजवळ वेगवेगळ्या राज्यांना भूखंड मिळाले आणि केरळ, आसाम, ओडिशा, उत्तर प्रदेश, मिझोराम यांची भवनं शेजारी शेजारी उभी राहिली. मराठी साहित्य, संस्कृती आणि कला मंडळाचं साहित्य मंदिर, तमिळ संघम, बंगाली मंडळींची दुर्गापूजा, गुरुद्वारा, चर्च, मशीद, सगळं एका रिक्षाच्या अंतरात. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाखांच्या वर गेली होती.

आता मात्र चाक फिरतंय. आपलं बालपण गेलं त्या इमारतींचे स्लॅब गेली कित्येक वर्षं कोसळत आहेत. २०१५ मध्ये अशा धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासासाठी अडीच चटई क्षेत्र मंजूर झालं आणि सेक्टरा-सेक्टरांत पत्रे लागले. आमची इमारतही गेल्या वर्षी रिकामी झाली. सत्तरी ओलांडलेली माणसं भाड्याच्या घरात वाट बघताहेत. माझी आई विचारते, "किती जागा गेली आणि किती मिळणार? कधी मिळणार? कागद कुणाकडे आहे?" हे प्रश्न मला ओळखीचे वाटले. वाशीगावात ते पन्नास वर्षांपूर्वी विचारले गेले होते. आपली गोष्ट त्यांच्यासारखी नाही, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याला जुन्या घराच्या बदल्यात मोठं घर मिळणार आहे, आणि सह्या करायच्या की नाही हे आपल्याला विचारलं गेलं. पण आपली जमीन दुसऱ्याच्या आकडेमोडीत गेली की पोटात काय होतं, याची चव तरी आपल्याला आत्ता लागली.

हा लेख लिहिताना मी मधल्या रांगेतल्या मित्राला फोन केला. त्या आठ दिवसांबद्दल विचारलं. तो बराच वेळ बोलला. मामा मोर्चात होते, ते परत येईपर्यंत आजीने चूल पेटवली नव्हती, आणि घरातल्या मुलांना शेजारच्या आळीत नेऊन ठेवलं होतं. मी म्हटलं, "तेव्हा सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं ना." त्याच्या आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता.

दि. बा. पाटील २०१३ मध्ये गेले. नव्या विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून जून २०२१ मध्ये भूमिपुत्र हजारोंच्या संख्येने बेलापूरला सिडको भवनाकडे निघाले, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद झाला होता. 'नावात काय आहे' असं आपल्यापैकीच कुणीतरी लिहिलं होतं. कदाचित मीच. ज्यांचं नाव एकदा आपल्या पत्त्यात जमा झालं, त्यांना नावात काय आहे हे विचारायचं धाडस आता मी करणार नाही.

मेळाव्याला या वर्षी प्रथमच मराठी आणि इंग्रजी, दोन्ही माध्यमांच्या तुकड्या एकत्र येत आहेत. एका इमारतीत सकाळ-दुपार शिकलो, पण एकमेकांना मैदानापुरतेच ओळखत होतो. परिचयाच्या वेळी सगळे पुन्हा 'मूळचे कुठले' विचारणारच. पुणे, बंगळुरू, दुबई, न्यू जर्सी अशी उत्तरं आता राहत्या ठिकाणाची येतील, आणि मूळ म्हणून बरेच जण 'वाशी' सांगतील. सांगूया. पन्नास वर्षांत ते आपलंही झालंय. फक्त त्या वेळी मधल्या रांगेकडे एकदा बघूया.

कार्यक्रमपत्रिकेत दुपारी चारनंतरची वेळ मोकळी ठेवली आहे. मित्राने वाशीगाव दाखवायचं कबूल केलंय: जागृतेश्वराचं देऊळ, तळं, आणि खाडीपुलाजवळ लागणाऱ्या होड्या. एके काळी बांध कुठून जायचा, तेही तो दाखवणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी नाव नोंदवावं. गाड्या शाळेतच ठेवा, आत वळायला जागा नाही. आणि परत येताना त्याच्याकडे चहा आहे, तो कुणी नाकारू नये.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी 'ब', १९८९